उरलेली चिठ्ठी

गणिताशी माझं कधीच जमलं नाही. चित्रकला शिकवणाऱ्या माणसाचं ते जमावं अशी कुणाची अपेक्षाही नसते, त्यामुळे आयुष्य तसं सुखात गेलं. पण संभवाचं एक गणित मला पुरतं येतं. चांदवडकर मास्तरांनी ते मला शिकवलं, तेही वर्गात नव्हे, गंगेच्या, म्हणजे नाशिकच्या गोदावरीच्या, घाटावर बसून. इतक्या वर्षांनंतरही दोन घडी केलेले कागद शेजारी शेजारी दिसले की ते गणित माझ्या मनात आपोआप सुरू होतं आणि नेहमीच्या जागी येऊन अडतं.

एकोणीसशे तिसाच्या सुमारास मी नाशिकच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग मास्तर म्हणून लागलो. राहायला जागा नव्हती. गणिताच्या चांदवडकरांकडे तांबट आळीत एक खोली रिकामी आहे असं हेडमास्तरांनी सांगितलं. खोली पाहायला गेलो तर सगळ्या आळीत हातोड्यांचा ठणठणाट चाललेला. मास्तर दारात उभे होते. उंच, किंचित वाकलेले, काळ्या कोटाच्या बाहीला कायमचा लागलेला खडू. मी कानांवर हात नेलेला पाहून ते म्हणाले, "आठ दिवस आवाजाचा त्रास होईल. नंतर एखाद्या दिवशी तो बंद पडला की त्रास होईल." मी खोली घेतली.

वरच्या मजल्यावर ते आणि त्यांची आई राहत. मास्तरांनी पंचेचाळिशी गाठली होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि त्या काळात ही गोष्ट आळीतल्या बायकांना रोज नव्याने चघळायला पुरत असे. त्यांच्या आईला मी आजी म्हणे. आजी अगदी लहानखुऱ्या होत्या. लिहिणं-वाचणं त्यांना येत नव्हतं, पण माझी चित्रं त्या फार आवडीनं बघायच्या. बघून झालं की कागद उलटा करून मागेही काही आहे का ते पाहायच्या. मुलाला त्या रघू म्हणत. कधीकधी विष्णू म्हणत. विष्णू म्हटलं तरी मास्तर ओ देत, आणि मला सुरुवातीला वाटलं की त्यांची दोन नावं असतील.

मास्तरांची एक खोड पहिल्या आठवड्यातच माझ्या लक्षात आली. दारातून जायचं असो, पाटावर बसायचं असो, नळावर हात धुवायचे असोत, ते कधी पहिले जात नसत. "आधी तुम्ही," म्हणायचे आणि अंग चोरून बाजूला उभे राहायचे. आमचे हेडमास्तरही शिष्टाचाराचे मोठे भोक्ते होते. एकदा शिक्षकांच्या खोलीच्या दारात दोघांचं "आधी तुम्ही, आधी तुम्ही" इतका वेळ चाललं की शिपाई लक्ष्मण चहाची किटली घेऊन दोघांच्या मधून निघून गेला. आम्ही सगळे हसलो. मास्तर हसले नाहीत, ते दार मोकळं होण्याची वाट पाहत उभे राहिले.

त्यांचा शनिवारचा शेवटचा तास शाळेत प्रसिद्ध होता. मॅट्रिकच्या अभ्यासक्रमात संभवाचं गणित नव्हतं, पण आठवड्याचा हा एक तास मास्तरांनी त्यासाठी राखून ठेवला होता. हेडमास्तर त्याकडे काणाडोळा करीत, कारण मास्तरांचा मॅट्रिकचा निकाल चांगला लागे. तासाला जाताना मास्तर घरून तांब्याचा एक जुना तांब्या घेऊन येत. माझा तास आधी संपायचा म्हणून मी मागच्या बाकावर जाऊन बसे. खरं तर मी मुलांचे चेहरे काढायला जायचो, कारण नशिबाची वाट बघणारा चेहरा बघण्यासारखा असतो.

असाच एक तास सांगतो. तांब्यात घडी केलेल्या पाच चिठ्ठ्या, त्यांतल्या एकीवर फुली. फुली मिळेल त्याला मास्तरांच्या कोटाच्या खिशातला पेरू. पाच मुलं पुढे बोलावली आणि पहिला हात कुणाचा यावरून त्यांच्यात ढकलाढकली सुरू झाली. बागूल नावाचा एक किरकोळ मुलगा शेवटी ढकलला गेला.

"मला काय, सर," तो म्हणाला, "सगळ्यांचं झालं की उरेल ते."

मास्तर फळ्याकडे वळले. त्यांचा आवाज एरवी बेताचा होता, त्या तासाला तो एकदम तरुण व्हायचा.

"पहिल्याला फुली मिळायचा संभव किती? पाचांत एक. कबूल? आता दुसरा घ्या. त्याला ती मिळायची तर आधी पहिल्याच्या हातून सुटली पाहिजे. सुटण्याचा संभव पाचांत चार. सुटली तर मागे चार चिठ्ठ्या राहिल्या आणि त्यांतली एक याची. चार पंचमांश गुणिले एक चतुर्थांश. किती आले, बागूल?"

"एक पंचमांश," बागूल पुटपुटला.

"म्हणजे पहिल्याइतकेच. तिसऱ्याचे मांड."

बागूलनं तिसऱ्याचे मांडले, चौथ्याचे मांडले आणि शेवटी स्वतःचे. सगळीकडे एक पंचमांश. तो फळ्याकडे असा बघत राहिला, जणू कुणी त्याच्या घरची भांडणं मिटवून दिली होती.

"लक्षात ठेवा," मास्तर म्हणाले, "आधी हात घालणारा कुणाचं काही नेत नाही." हे वाक्य ते दर शनिवारी म्हणत आणि म्हणताना मुलांकडे बघत नसत. फळ्याकडेही नाही. खिडकीबाहेर बघत.

मग चिठ्ठ्या काढल्या. दुसरा हात घालणाऱ्या मुलालाच फुली मिळाली, पेरू त्याच्या हातात गेला, घंटा झाली आणि सगळा वर्ग दाराकडे धावला.

"थांबा," मास्तर म्हणाले. "उरलेल्या उघडा."

हा नेम कधी चुकायचा नाही. निकाल लागलेला असो, घंटा झालेली असो, तांब्यात राहिलेली प्रत्येक चिठ्ठी उघडून वर्गाला दाखवल्याशिवाय कुणाची सुटका नसे. मुलं कंटाळायची. लक्ष्मण दाराशी किल्ल्या वाजवत उभा राहायचा. मुलांनी मास्तरांचं नाव 'उरलेलं' ठेवलं होतं, आणि मास्तरांना ते ठाऊक होतं.

एकदा मी त्यांना चिडवलं. म्हटलं, "पहिला असो की शेवटचा, काही फरक पडत नाही म्हणता. मग दारातून आधी जायला काय हरकत आहे?"

"गणितानं फरक पडत नाही," ते म्हणाले, आणि मला पुढे जायला वाट करून दिली.

बुधवारी गंगेवर बाजार भरायचा. तिथं आडगावाकडून भाजी आणणारी सखूबाई म्हणून एक माळीण होती, तिच्याकडून आम्ही वांगी घ्यायचो. मास्तरांची घेण्याची तऱ्हा वेगळी होती. डोळे मिटून पाटीतून एक वरचं, एक मधलं, एक तळचं अशी तीन वांगी काढायची आणि तिला ती चिरायला लावायची.

"मास्तर, वांगी घ्याया आलाय का विन्स्पेक्शनला?" सखूबाई विळा फिरवत म्हणायची. "लय झालं तुमचं. घ्या बघा, एक तरी किडकं हाय का?"

"तिन्ही चांगली निघाली. तेव्हा बाकीची चांगली असण्याचा संभव बराच आहे."

"संभव नाय, चांगलीच हायेत. म्या माझ्या हातानं तोडलीत, म्याच पाटी भरली."

"तू भरलीस म्हणून तुला ठाऊक. मला फक्त तीन ठाऊक."

"मंग माझ्यावर इस्वास ठिवा की."

एवढ्यावर ती हसली, मीही हसलो. मास्तर मात्र चिरलेलं वांगं हातात घेऊन तसेच उभे राहिले. परतताना आम्ही पुलापर्यंत आलो. मग म्हणाले, "बाई बरोबर बोलली. आत काय आहे ते भरणाऱ्यालाच ठाऊक असतं. आपण विश्वास ठेवायचा. पण किती ठेवायचा, तो आकडा कुठून आणायचा?" वांग्यांवरून माणूस इतका खोलात कसा जातो, याची मला गंमत वाटली. त्या वेळी मला ती फक्त गंमत वाटली.

पुढे दिवाळी आली. सुट्टीत वसतिगृहातल्या मुलांजवळ एका शिक्षकानं राहायचं असा शाळेचा नियम होता, आणि त्या वर्षी पाळी यायची राहिलेले आम्ही दोघंच होतो. एक मी आणि दुसरे संस्कृतचे कुलकर्णी. दोघांनाही घरी जायचं होतं. हेडमास्तरांनी तोडगा काढला. त्यांनी स्वतः दोन चिठ्ठ्या लिहिल्या, आपल्या टोपीत टाकल्या आणि टोपी पुढे धरली. कुलकर्णी चपळ होते. त्यांनी झटकन हात घातला आणि चिठ्ठी उघडून मोठ्यानं वाचली, "सुट्टी."

झालं, माझी दिवाळी नाशकात. हेडमास्तरांनी टोपीतली दुसरी चिठ्ठी काढली, तिची गोळी केली आणि कोपऱ्यात लक्ष्मण चहा करत होता त्या शेगडीत टाकली.

मास्तर खुर्चीवरून उठल्याचं मी पाहिलं नाही. मला दिसला तो त्यांचा हात, बोटं निखाऱ्यांत खुपसलेला. चहाचं आधण सांडलं, लक्ष्मण ओरडला. मास्तरांनी हात बाहेर काढला तेव्हा चिमटीत कागदाचा काळा पापुद्रा होता. त्यांनी तो फुंकून बघितला. त्यावर काही वाचता येण्यासारखं राहिलं नव्हतं आणि बघता बघता त्याची राख झाली.

"काय हे, चांदवडकर," हेडमास्तरांचा चेहरा लाल झाला होता. "मी दोन्हींवर एकच लिहिलं असं वाटलं तुम्हाला? माझ्यावर संशय?"

"तुमच्यावर नाही," मास्तर म्हणाले. बोटांची टोकं सोललेली होती, पण ते अजून शेगडीकडेच बघत होते. "तुमच्यावर नाही, साहेब. पण उरलेली उघडायची असते."

मी त्यांना घरी आणलं. आजींना त्यांनी चहाचं भांडं लागलं म्हणून सांगितलं. आजींनी खोबरेल लावलं आणि त्या बोटांवर फुंकर घालत राहिल्या. "विष्णू, लागतंय का रे," त्या म्हणाल्या. "नाही गं," मास्तर म्हणाले. या घरात दोन नावांचा एक माणूस राहत नाही, हे मला त्या क्षणी कळलं.

संध्याकाळी ते मला घाटावर घेऊन गेले. माणसं दिवे सोडत होती. मास्तरांनी भाजलेला हात मांडीवर उताणा ठेवला आणि सांगायला सुरुवात केली. सांगण्याची रीत तीच, फळ्यासमोरची.

विष्णू त्यांचा थोरला भाऊ. चांदवडला त्यांचे वडील गेले तेव्हा विष्णू तेरा-चौदाचा आणि रघू त्याहून तीन-चार वर्षांनी लहान. नाशिकचे मामा आले आणि म्हणाले की मी एका मुलाला नेऊ शकतो, शिकवीन, पोटच्यासारखा ठेवीन, पण दोघांचं मला झेपणार नाही. आईला निवड करवेना. कुठल्या आईला करवेल? तेव्हा त्यांच्या घरी अडल्या वेळी करत तसंच करायचं ठरलं. रेणुकेपुढे चिठ्ठ्या ठेवायच्या, एकीवर 'जा' आणि एकीवर 'राहा', आणि देवी देईल ते घ्यायचं. मामा बाहेर ओसरीवर होते. आईला लिहिता येत नव्हतं. रघूचं अक्षर अजून धड नव्हतं. चिठ्ठ्या विष्णूनं लिहिल्या.

"माझ्याकडे पाठ करून लिहिल्या," मास्तर म्हणाले. "मग त्यांना हळदकुंकू वाहिलं, देवीपुढच्या तांब्यात टाकल्या. दादा मला म्हणाला, 'रघू, तू लहान, तू आधी काढ.' मी काढली. 'जा' निघाली. दादा हसला. मोकळा हसला अगदी. का हसला, ते मला तेव्हा कळलं नाही."

"आणि दुसरी?"

"आमच्याकडे रीत अशी की देवीनं एकदा सांगितलं की उरलेली चिठ्ठी उघडायची नाही. उघडली तर तिच्या शब्दावर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. ती निर्माल्यात जाते. आईनं ती फुलांबरोबर ओढ्यात सोडली."

रघू नाशिकला आला. दुसऱ्या वर्षी चांदवडला प्लेग आला. गाव रानात झोपड्या घालून राहिलं, पण विष्णूच्या काखेत गाठ तोवर आलेली होती. आई एकटीच नाशिकला आली. येताना तिनं सामानात तो तांब्या आणला.

  मग मास्तर म्हणाले, "आता गणित करा," आणि भाजलेल्या बोटानं घाटाच्या फरशीवर दोन वर्तुळं काढली.

"हे दोन तांबे. पहिल्यात दोन्ही चिठ्ठ्या 'जा'च्या. दुसऱ्यात एक 'जा', एक 'राहा'. तुमच्यापुढे यांतला एक तांब्या आहे, कुठला ते माहीत नाही. तुम्ही हात घातलात आणि 'जा' निघाली. तर तो तांब्या पहिला असण्याचा संभव किती?"

"मला नाही येत, मास्तर."

"येईल. पहिल्यातून 'जा' निघणारच. दुसऱ्यातून निम्म्या वेळा निघेल. दोन्ही तांबे सारखेच संभवनीय धरले तर 'जा' निघाल्यावर पहिल्याकडे दोन भाग झुकतात, दुसऱ्याकडे एक. तीनांत दोन. शाळेतलं पोरगंही करेल." त्यांनी वर्तुळांवरून बोट उचललं. "पण सारखेच का धरायचे? तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आईला, मामाला आणि देवीला फसवून दोन्ही चिठ्ठ्यांवर 'जा' लिहील आणि धाकट्याला म्हणेल की तू आधी काढ, याचा संभव चिठ्ठी काढण्याआधी किती होता? तो आकडा आधी घातल्याशिवाय उत्तर निघत नाही. मी पस्तीस वर्षं तिथंच बसलोय. एकदा त्यानं मला पेरूचा मोठा अर्धा दिला होता, म्हणून तो आकडा वाढवतो. एकदा भोवऱ्यावरून मला बदडलं होतं, म्हणून कमी करतो."

"पण तुम्ही तर म्हणता, आधी हात घालणारा कुणाचं काही नेत नाही."

"ते प्रामाणिक तांब्याचं गणित," मास्तर म्हणाले. "तांब्या प्रामाणिक असेल तर मी दादाचं काही नेलं नाही. नसेल तर सगळंच नेलं."

मी म्हटलं, आजींना विचारा. त्यांना वाचता येत नसेल, पण विष्णू लिहीत होता तेव्हा त्या जवळ असतील. दोन्ही कागद सारखे दिसत होते का, एवढं तरी सांगतील. मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला माझ्या शहाणपणाची लाज वाटली.

"हे मला सुचलं नसेल असं वाटतं तुम्हाला?" ते म्हणाले. "ती वेगळे होते म्हणाली तर दादा नुसता हरला. सारखे होते म्हणाली तर तो माझ्या जागी गेला. कशासाठी? मी शनिवारी एक तास घेतो आणि बुधवारी वांगी आणतो. एवढ्यासाठी?" पाण्यावरचे दिवे पुढे गेले होते. "पण ती आहे तोवर विचारता येईल. ती गेल्यावर तेही नाही." एवढं बोलून ते उठले आणि पायऱ्यांशी माझ्यासाठी थांबले.

त्यानंतर वर्षभर मी त्या घरात जेवलो-खाल्लो, आणि मास्तर आईकडे बघताना दिसले की मी हातातला घास तसाच धरून बघत राहायचो. ते विचारायला तोंड उघडत आणि मीठ मागत. आजी दिवसेंदिवस वाळत चालल्या होत्या. थंडी सरता सरता त्यांनी अंथरूण धरलं, आणि डॉक्टरांनी मास्तरांना जिन्यात नेऊन काय ते सांगितलं.

त्या दुपारी तांबटांनी आपण होऊन काम बंद ठेवलं. आजींचा सगळ्या आळीला लळा होता. सगळं गप्प झालं आणि मास्तर म्हणाले होते तसंच झालं, आवाज बंद पडल्याचा त्रास व्हायला लागला. मी कोपऱ्यात पाणी तापवत होतो. उठून जावं की काय ते कळत नव्हतं. मास्तर आईच्या उशाशी बसले होते.

"आई," ते म्हणाले, "दादानं चिठ्ठ्या लिहिल्या तेव्हा तू जवळ होतीस ना?"

कुठल्या चिठ्ठ्या, हे आजींनी विचारलं नाही. "होते की," त्या म्हणाल्या. "शाई मीच करून दिली. काजळाची."

"लिहिताना बघितलंस?"

"बघितलं. किती चांगलं लिहायचा तो."

"दोन्हींवर सारखंच होतं का गं?"

आजींनी डोळे मिटले. त्या आठवत होत्या. त्यांच्या पापण्यांखाली काहीतरी हलत होतं. "सारखंच होतं," त्या म्हणाल्या. "हो. दोन्ही सारखे."

त्या वेळचा मास्तरांचा चेहरा मी नंतर पुष्कळदा काढायचा प्रयत्न केला आणि दर वेळी कागद फाडून टाकला. तो आनंद नव्हता, दुःखही नव्हतं. पस्तीस वर्षं बंद असलेलं दार उघडल्यावर आत जायचं की नाही, हे न कळणाऱ्या माणसाचा तो चेहरा होता. पण ते गणिताचे मास्तर होते. साक्ष मिळाली तर साक्षीदार पारखून घ्यायचा, हेही त्यांच्या शनिवारच्या तासातलं. ते उठले, दोन कागद घेतले, एकावर ठळक 'जा' लिहिलं, दुसऱ्यावर 'राहा', आणि दोन्ही आईच्या डोळ्यांपुढे धरले. 

"हे बघ. हे दोन सारखे आहेत का?"

आजींनी बराच वेळ बघितलं. एकदा याच्याकडे, एकदा त्याच्याकडे. सवयीनं कागद उलटे करायला हात उचलला, पण तो तेवढा वर गेला नाही.

"सारखेच की," त्या म्हणाल्या. मग मुलाकडे पाहून त्यांना काहीतरी जाणवलं असावं. "मला अडाणीला सगळीच अक्षरं सारखी दिसतात रे, रघू. काय लिहिलंयस?"

मास्तरांनी कागदांकडे पाहिलं. खोलीत पाण्याच्या उकळण्याचा तेवढा आवाज होता.

"तुझं नाव," ते म्हणाले. "दोन्हींवर तुझंच नाव लिहिलंय."

"दोनदा कशाला?" आजी म्हणाल्या, आणि त्यांना हसू आलं. मास्तर हसले नाहीत. त्यांनी कागदांची घडी केली, आईच्या हातात दिली आणि तिची मूठ मिटून घेतली. ती मूठ दुसऱ्या दिवशी मीच उघडली, कारण त्यांच्यानं ते होईना.

आजी गेल्यावर मास्तरांनी शाळेत एकही दिवस जास्तीची रजा घेतली नाही. शनिवारी तांब्या येत होता, चिठ्ठ्या निघत होत्या, उरलेल्या उघडल्या जात होत्या. फक्त ते एक वाक्य मी त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. मुलांपैकी कुणाला त्याची आठवण झाली की नाही, कोण जाणे. घरी पान मांडताना ते कधीकधी तीन पानं मांडत, आणि मग आपलं आपण तिसरं उचलत. विष्णू म्हणून हाक मारणारं आता कुणी नव्हतं. एकदा मी बाहेरून आलो तेव्हा ते रिकाम्या खोलीत उभे होते आणि म्हणाले, "तुम्ही हाक मारलीत का?" मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मला वाटलं," आणि दिवा लावायला गेले. मला त्या जिन्याची भीती वाटायला लागली होती, हे कबूल करतो. भुताची नव्हे. एका न सुटलेल्या गणिताबरोबर एकट्या माणसाला सोडून जाण्याची.

पण मला जावं लागलं. धुळ्याच्या शाळेत बरी जागा मिळाली होती, घरचे मागे लागले होते. जायच्या दिवशी टांगा खाली उभा होता, ट्रंक टांग्यात चढली होती. मी निरोप घ्यायला वर गेलो तर मास्तर दारात तांब्या घेऊन उभे.

"काढा एक," ते म्हणाले.

"आता कशाला? माझं जायचं ठरलंय."

"तरी काढा."

मी हात घातला. आत दोन चिठ्ठ्या होत्या. एक काढून उघडली. मास्तरांच्या सरळ, फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं होतं, 'जा'.

इतके शनिवार त्यांच्या वर्गात बसून मलाही सवय लागली होती. "आता उरलेली उघडायची," मी म्हटलं आणि पुन्हा हात पुढे केला. मास्तरांनी तांब्याच्या तोंडावर तळवा ठेवला. बोटांच्या टोकांची कातडी अजून गुळगुळीत आणि गुलाबी होती.

"नको," ते म्हणाले.

"उरलेली उघडायची असते, मास्तर."

"या वेळी लिहिणारा मी आहे," ते म्हणाले, आणि हसले. त्यांना असं हसताना मी कधीच पाहिलं नव्हतं. मोकळं, अगदी पोरासारखं. ते का हसले, हे मला त्या क्षणी कळलं नाही. पायऱ्यांपाशी आलो तेव्हा त्यांनी अंग चोरून वाट करून दिली आणि म्हणाले, "आधी तुम्ही."

मी त्यांच्या पुढे जिना उतरलो. आळीत हातोडे चालू होते, त्यामुळे शेवटचं काही बोलताही आलं नाही. टांगा वळला तेव्हा मी मागे पाहिलं. मास्तर आळीच्या तोंडाशी उभे होते आणि तांब्यावरचा हात त्यांनी अजून काढलेला नव्हता.